२०१२ चा हिवाळा: एक हॉकी पुन्हा सुरू झाली, दुसरी झालीच नाही

२ एप्रिल २०१२ रोजी मुंबईत चर्चगेटजवळच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर एक फायनल झाली. एका बाजूला शेर-ए-पंजाब, दुसऱ्या बाजूला आपल्या महाराष्ट्राचा पुणे स्ट्रायकर्स. पंजाबने ५-२ असा सामना जिंकला. वर्ल्ड सिरीज हॉकी या लीगचा हा पहिला हंगाम, आणि शेवटचाही.

आज ही फायनल कुणाला आठवत नाही. वर्गात विचारलं तर मुलांना आयपीएलच्या सगळ्या टीम तोंडपाठ असतात, प्रो कबड्डीतली यू मुंबा आणि पुणेरी पलटण माहीत असते, पण पुण्याची हॉकी टीम एकदा फायनलला पोचली होती हे सांगितलं की तोंडाकडे बघत राहतात. मुलांचा त्यात काय दोष? ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, आणि त्या टीमची आठवण ठेवायला मागे काही उरलंही नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरमध्ये, या लीगचा दुसरा हंगाम होणार होता. तो झाला नाही. आणि गंमत बघा, त्याच डिसेंबरमध्ये अमेरिका-कॅनडातली जगातली सर्वात मोठी आइस हॉकी लीगही बंद पडलेली होती. तिच्या मोठमोठ्या स्टेडियमना कुलूप होतं. पण ती लीग जानेवारीत पुन्हा सुरू झाली, आजपर्यंत चालू आहे. आपली मात्र गेली ती गेलीच. एकाच हिवाळ्यात बंद पडलेल्या दोन हॉकींचं असं वेगवेगळं का झालं, हे जरा सविस्तर समजून घेण्यासारखं आहे. कारण आता प्रत्येक खेळाची लीग निघाली आहे, आपल्या नाशिकच्या मैदानांवरही ट्रायलचे बॅनर लागतात, आणि आपल्याच घरातली मुलं त्या बॅनरचे फोटो काढून अम्मी-अब्बूंना दाखवतात.

आधी आपल्या हॉकीचं. पैशाची, टीव्हीची, शहरांच्या नावाची हॉकी लीग भारतात पहिल्यांदा आली ती २००५ च्या जानेवारीत. तिचं नाव प्रीमियर हॉकी लीग. म्हणजे आयपीएलच्या तीन वर्षं आधी. हैदराबाद सुलतान्स, बंगळूर लायन्स, चेन्नई वीरन्स, शेर-ए-जालंधर आणि आपली मराठा वॉरियर्स अशा पाच टीम वरच्या गटात होत्या. खडकीत वाढलेले धनराज पिल्ले मराठा वॉरियर्सकडून खेळले. पहिली ट्रॉफी हैदराबादने नेली. सामन्याचे दोन अर्धांऐवजी चार भाग करायचे, ही आज सगळीकडे रूढ झालेली पद्धत त्या लीगने तेव्हाच करून पाहिली होती. आंतरराष्ट्रीय हॉकीने ती २०१४ मध्ये घेतली.

ती लीग २००८ पर्यंत चालली. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत चिलीत हरला आणि बीजिंग ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. पुढच्या महिन्यात एका टीव्ही चॅनेलने भारतीय हॉकी महासंघाच्या सचिवांवर खेळाडूच्या निवडीसाठी पैसे घेतल्याचं स्टिंग दाखवलं आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला. महासंघाबरोबर लीगही संपली. २००९ मध्ये हॉकी इंडिया ही नवी संघटना आली. जुना महासंघ मात्र गप्प बसला नाही, कोर्टात गेला, आपणच खरे असं म्हणत राहिला. एका खेळाची दोन घरं झाली. या भांडणात २०११ ची चॅम्पियन्स ट्रॉफी दिल्लीकडून काढून न्यूझीलंडच्या ऑकलंडला देण्यात आली, यावरून ते किती ताणलं होतं हे कळेल.

वर्ल्ड सिरीज हॉकी काढली ती या जुन्या महासंघाने, मुंबईच्या निंबस या खेळ-प्रक्षेपण कंपनीला सोबत घेऊन. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ मानत होता हॉकी इंडियाला. त्यामुळे नवी लीग त्यांच्या दृष्टीने बिनमान्यतेची ठरली. बिनमान्यतेची म्हणजे बेकायदेशीर नव्हे, हे लक्षात घ्या. पोलीस येऊन सामना थांबवणार नाहीत. पण तिथे खेळलेल्या खेळाडूला देशाच्या संघाचं दार बंद होऊ शकतं, आणि उद्या काही वाद झाला तर त्याच्या बाजूने बोलायला वर कुणी नसतं. क्रिकेटमध्ये लाहोर बादशाह्‌ज आणि हैदराबाद हीरोजवाली इंडियन क्रिकेट लीग आठवत असेल. २००७ मध्ये तिच्यात गेलेल्या मुलांवर बीसीसीआयने बंदी घातली होती, आणि ती उठायला २००९ उजाडलं होतं.

तरी खेळाडू वर्ल्ड सिरीज हॉकीत गेले. का गेले, हे समजायला फार अक्कल लागत नाही. हॉकीत तेव्हा पैसाच नव्हता. सप्टेंबर २०११ मध्ये भारताने पहिली आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, फायनलला पाकिस्तानला हरवून. त्या संघात निर्णायक पेनल्टी मारणारा युवराज वाल्मीकी हा मुंबईचा पोरगा. तो जिंकून घरी आला तेव्हा सगळ्या देशाला कळलं की मरीन लाइन्सच्या त्याच्या घरात वीजच नाही. त्या संघाचा कर्णधार राजपाल सिंग, तोही पुढे याच लीगमध्ये दिल्लीकडून खेळला. देशासाठी कप आणणाऱ्या मुलांची घरची स्थिती अशी असेल तर कुणी करार पुढे केल्यावर सही करणाऱ्याला नावं ठेवणं मला तरी जमत नाही.

२६ फेब्रुवारी २०१२ ला दिल्लीत भारताने फ्रान्सला ८-१ ने हरवून लंडन ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. संदीप सिंगने एकट्याने पाच गोल केले. तीनच दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, चंदीगडमध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी सुरू झाली. आठ टीम, प्रत्येकीने बाकी सातही टीमशी दोनदा खेळायचं, मग सेमीफायनल आणि फायनल, असे एकूण ५९ सामने. सगळं जेमतेम पाच आठवड्यांत. त्रेचाळीस वर्षांचे धनराज कर्नाटक लायन्सकडून पुन्हा मैदानात उतरले. पाकिस्तानचे रेहान बट, शकील अब्बासी यांच्यासारखे नामवंत खेळायला आले होते. भोपाळमध्ये ऐशबाग स्टेडियमवर सामने झाले, आणि भोपाळ म्हणजे अस्लम शेर खान यांचं गाव, तिथे हॉकी लोकांच्या रक्तात आहे. चंदीगडकडून खेळणारा गुरजिंदर सिंग हा कोवळ्या वयाचा ड्रॅग-फ्लिकर या लीगमधून सगळ्यांच्या नजरेत आला आणि नंतर भारताकडून खेळला. म्हणजे लीग खेळ म्हणून वाईट नव्हती. वाईट असती तर तिच्याबद्दल लिहायची गरजच नव्हती.

अडचण मैदानाबाहेर होती. लीग चालवणाऱ्या कंपनीचा मोठा धंदा भारतीय क्रिकेटच्या प्रक्षेपणावर उभा होता, आणि डिसेंबर २०११ मध्येच, म्हणजे लीग सुरू व्हायच्या आधी, पैसे थकल्याच्या कारणावरून बीसीसीआयने तो करार रद्द केला होता. हंगाम संपला, ट्रॉफी वाटली, फोटो निघाले. मग काही महिन्यांनी वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या की अनेक खेळाडूंना ठरलेली पूर्ण रक्कम अजून मिळालेली नाही. डिसेंबरचा दुसरा हंगाम पुढे ढकलला. मग त्याचं नाव कुणी घेतलं नाही. कुणी अधिकृतपणे 'लीग बंद झाली' असं धडपणे सांगितल्याचंही लोकांना आठवत नाही. दुकानदार उधारी ठेवून एक दिवस शटर उघडत नाही, तसं झालं.

आता बर्फावरची हॉकी. ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोठवलेल्या बर्फाचं मैदान, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. पायात धारेचे स्केट्स. चेंडूऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. गोलकीपर धरून एका वेळी सहा जण, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वेग इतका की खेळाडू मिनिटभरात दमतात आणि सामना चालू असतानाच बदलत राहतात. उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळातली सर्वात मोठी लीग. २०१२ मध्ये तिच्यात ३० टीम होत्या आणि प्रत्येक टीम एका हंगामात ८२ सामने खेळत असे.

२२ जून २०१२ रोजी या लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड झाली आणि पहिल्या क्रमांकावर एडमंटन ऑइलर्सने घेतला नाईल याकुपोव. वय १८. गाव निझ्नेकाम्स्क, रशियातल्या तातारस्तानमधलं. जातीने तातार, धर्माने मुसलमान. या लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला तो पहिला मुस्लिम खेळाडू. आपल्याकडे ही बातमी फारशी कुणाला कळली नाही, कारण बर्फ आपल्याला माहीत तो उसाच्या रसातला.

बिचाऱ्याचा करार झाला, आणि सप्टेंबरमध्ये लीगच बंद. १६ सप्टेंबर २०१२ पासून टीमच्या मालकांनी टाळेबंदी केली. हा संप नव्हता. संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतात. मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना हा फरक मला समजावून सांगायची गरज नाही. आधीचा सामूहिक करार संपला होता, नव्या करारात मालकांना खेळाडूंचा वाटा कमी करायचा होता. लीगच्या उत्पन्नातले ५७ टक्के खेळाडूंना जात होते. मालक म्हणाले, कमी करा. खेळाडू म्हणाले, आम्ही सह्या केलेल्या करारांचं काय?

महिन्यामागून महिने गेले. खेळाडूंना पगार नाही. बरेच जण युरोपात जाऊन खेळले. याकुपोव आपल्या गावी परत गेला आणि तिथल्या नेफ्तेखिमिक क्लबकडून खेळला. आणि स्टेडियममध्ये तिकिटं तपासणारे, खाण्याच्या गाड्या लावणारे, शेजारचे हॉटेलवाले, यांचा रोजगार बुडाला तो वेगळाच. लक्षाधीश खेळाडू आणि अब्जाधीश मालक यांच्या भांडणात गाडीवाल्याचं नुकसान कुणी भरून दिलं नाही. त्यामुळे तिकडचं सगळं सोन्यासारखं, असं मी म्हणणार नाही.

या लीगला अशा टाळेबंदीचा आधीचा अनुभवही होता. २००४-०५ चा तर पूर्ण हंगाम त्यांनी घालवला होता. १६ फेब्रुवारी २००५ ला आयुक्त गॅरी बेटमन यांनी जाहीर केलं की यंदा एकही सामना होणार नाही. १२३० सामने गेले. त्यांची स्टॅन्ले कप ही ट्रॉफी त्याआधी एकदाच बिनविजेत्याची राहिली होती, १९१९ मध्ये, स्पॅनिश फ्लूच्या साथीत. ट्रॉफीवर दरवर्षी विजेत्यांची नावं कोरतात. २००४-०५ च्या जागी 'हंगाम खेळला गेला नाही' असं कोरलेलं आजही वाचता येतं. त्या वर्षी तातारस्तानची राजधानी कझान आपली हजार वर्षं साजरी करत होती. तिथल्या अक बार्स क्लबने तेलाच्या पैशावर लकव्हलिये, हीटली, कोवालचुक असे अमेरिकेत रिकामे बसलेले तारे गोळा केले. आणि इतकं करून प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडले. पैशाने टीम होत नाही, हे पटवायला मी वर्गात कधी कधी हे उदाहरण देतो.

तर २०१२ ची टाळेबंदी. ६ जानेवारी २०१३ ला सरकारी मध्यस्थाच्या मदतीने, रात्रभर चाललेल्या बैठकीनंतर, तोडगा निघाला. १९ जानेवारीला खेळ सुरू झाला. ८२ ऐवजी प्रत्येक टीमने ४८ सामने खेळले. खेळाडूंचा वाटा ५७ वरून ५० टक्क्यांवर आला, म्हणजे खेळाडू या अर्थाने हरलेच. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. ज्यांचे करार आधीच झाले होते त्यांचं नुकसान भरून काढायला मालकांनी ३० कोटी डॉलर वेगळे द्यायचे, हे त्यांनी लिहून घेतलं. शिवाय पेन्शनची नीट व्यवस्था. आणि हा करार दहा वर्षांचा. त्या अर्ध्या हंगामात याकुपोवने ४८ सामन्यांत १७ गोल केले. पुढे त्याची कारकीर्द म्हणावी तशी फुलली नाही आणि २०१८ मध्ये तो रशियाला परतला, पण ते खेळाचं नशीब. त्यात कुणी त्याचे पैसे बुडवले नव्हते.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहू. एनएचएलच्या खेळाडूंची युनियन १९६७ पासून आहे. लीगशी बोलणी करायची ती युनियनने, एकेकट्या खेळाडूने नाही. लीगचं उत्पन्न किती, याचे हिशोब दोन्ही बाजूंना बघायला मिळतात, आणि टक्केवारीचं भांडण होतं ते त्या हिशोबावर. खेळाडूच्या पगारातला काही भाग हंगामभर एका तिसऱ्या खात्यात बाजूला ठेवला जातो. त्याला एस्क्रो म्हणतात, आपण सरळ अमानत म्हणू. वर्षाच्या शेवटी हिशोब लागला की ज्याचा हक्क त्याला पैसे मिळतात. ही अमानत मालकाच्या खिशात नसते आणि खेळाडूच्याही नसते, म्हणून दोघांचा तिच्यावर भरवसा असतो. लीग बंद पडली तरी कोण कुणाला काय देणं लागतो हे कागदावर होतं. म्हणून भांडता आलं, आणि भांडता आलं म्हणून मिटवता आलं.

वर्ल्ड सिरीज हॉकीत खेळाडूंची युनियन नव्हती. त्यांची हमी घेणारी मान्यताप्राप्त संघटना नव्हती, उलट वरची संघटना त्यांच्यावर नाराज होती. पैसे येणार होते एकाच बाजूने, आणि तीच बाजू आधीपासून अडचणीत होती. पैसे अडकल्यावर जायचं कुठे? कोर्टात. एकेका खेळाडूने, स्वतःच्या खर्चाने, वर्षानुवर्षं.

मग ही मुलं तगली कशी? इथे भारतीय हॉकीची एक जुनी गोष्ट समजून घ्यायला हवी, जी आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे आणि आजच्या मुलांना नाही. आपल्याकडे हॉकीपटूची रोजी लीगवर कधीच नव्हती, ती नोकरीवर होती. बनारसचे मोहम्मद शाहिद, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे सुवर्णविजेते, रेल्वेत होते. धनराज आधी महिंद्राकडे, मग इंडियन एअरलाइन्समध्ये. रेल्वे, एअरलाइन्स, तेल कंपन्या, पोलीस, बँका, यांच्या टीम आणि त्यांच्या नोकऱ्या, यावर दोन-तीन पिढ्या जगल्या. पगार कमी असेल, पण एक तारखेला येणार. लीग आली, दिव्यांचा झगमगाट आला, करारात मोठा आकडा आला. पण ज्याच्या मागे नोकरी होती त्याला थकलेली रक्कम फक्त टोचली, आणि ज्याने नोकरीचा नाद सोडून सगळा भरवसा लीगवर टाकला त्याचं घर हललं असणार.

मान्यतेचा प्रश्न इथेच आपल्या घरात येतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. पण त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते, आणि नोकरीसाठीचं प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून तपासून घ्यावं लागतं. बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं राज्यात उघड झाल्यापासून ही तपासणी कडक झाली आहे. एखाद्या खासगी लीगमध्ये तुमच्या मुलाने दहा गोल केले, गळ्यात मेडल पडलं, पेपरात फोटो आला, तरी ती लीग मान्यतेची नसेल तर तो कागद नोकरीच्या अर्जाला लागत नाही. हे मुलांना कुणी आधी सांगत नाही. सांगितलं तर ट्रायलची फी कोण भरेल?

पण मान्यता असली की सगळं आलबेल, असंही समजू नका. वर्ल्ड सिरीज हॉकी गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये हॉकी इंडियाची स्वतःची हॉकी इंडिया लीग सुरू झाली, पूर्ण मान्यतेची. लिलावात सरदार सिंगला ७८ हजार डॉलर मिळाले. मुंबई मॅजिशियन्स नावाची आपली टीमही होती. त्याच दिवसांत सीमेवर तणाव वाढला, निदर्शनं झाली, आणि लीगसाठी आलेले पाकिस्तानचे नऊ खेळाडू न खेळता परत गेले. खेळाडूच्या हातात नसलेल्या गोष्टी किती असतात, त्याचं हे उदाहरण. मुंबईची ती टीम पहिल्या हंगामात तळाला राहिली, पुढे तिची जागा दबंग मुंबईने घेतली, ती २०१७ मध्ये फायनलला पोचली. आणि फायनलनंतर ही लीगही थांबली, सात वर्षं. २८ डिसेंबर २०२४ ला राउरकेलात ती परत सुरू झाली, सोबत पहिल्यांदा मुलींचीही लीग आली. मुलांच्या आठ आणि मुलींच्या चार टीम होत्या, त्यांत महाराष्ट्राची एकही नव्हती.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे अब्बा शाळेत भेटायला आले. मुलगा चांगला खेळतो, कुठल्यातरी लीगच्या ट्रायलला बोलावलं आहे, निवड झाली की करार, पण आधी किट आणि नोंदणीचे पैसे भरायचे. हातात मोबाइलवर आलेलं एक पत्रक, त्यावर तीन क्रिकेटरांचे फोटो आणि खाली एक नंबर. मी त्यांना विचारलं, ही लीग कुठल्या संघटनेची? माहीत नाही. हंगाम झाला नाही तर पैसे परत मिळणार? विचारलं नाही. दुखापत झाली तर दवाखाना कोण करणार? करार मराठीत आहे की इंग्रजीत, आणि कुणाच्या सहीने? यावर ते म्हणाले, सर, मुलगाच सही करणार ना, खेळणार तो. मुलगा पंधरा वर्षांचा. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे पैसे यांचे जाणार, आणि बदल्यात हातात येणाऱ्या कागदाला अर्थ नाही.

जो खेळाडूला घेतो तो खेळाडूकडून पैसे मागत नाही, त्याला देतो. याकुपोवने एडमंटनला नोंदणी फी भरली नव्हती, आणि २०१२ मध्ये पुणे स्ट्रायकर्सच्या खेळाडूंनीही भरली नसेल. ट्रायलसाठी थोडी फी असू शकते, पण निवडीनंतर पैसे मागितले की तिथेच थांबावं. जिल्हा संघटनेचं नाव घेतलं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारायला एक सकाळ लागते, आणि तिथे विचारायला लाजायचं काही कारण नाही. उधारीचा, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे तर सूरह बकरात इतक्या तपशिलाने सांगितलं आहे की आपल्याला कुठल्या वकिलाने वेगळं शिकवायला नको. तरी आपण लग्नाच्या हॉलचं बुकिंग लिहून घेतो, आणि मुलाच्या दोन वर्षांचं बुकिंग तोंडी करतो.

त्या अब्बांनी त्या नंबरवर फोन लावला, माझ्यासमोरच, आणि पावती व करारनामा आधी पाठवा म्हणाले. पलीकडून उत्तर आलं, आधी पैसे भरा, कागद मैदानावर मिळतील. त्यांनी फोन ठेवला. मुलगा आठवडाभर घरात कुणाशी बोलला नाही असं त्याची अम्मी नंतर सांगत होती. आता तो तालुका आणि जिल्हा शालेय स्पर्धेत शाळेकडून खेळतो, आणि सकाळी सहाला मैदानावर असतो.